तरतूद हाय, दिवा न्हाई

दोस्तहो, मी डॉकमधला माणूस. मुंबईच्या इंदिरा डॉकात ठेकेदाराच्या गँगमध्ये स्टीलच्या कॉइली उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो. बजेटवर लिहायचा याला अधिकार काय, असं कुणीतरी विचारणारच. अधिकार एवढाच की माझी आई कोल्हापुरात घरफाळा भरते, आणि मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सुट्टीवर आलो की पाण्याची बादली माझ्या हातात येते.

आपल्या पोरांची एक खोड मला बोचते. जयंती, मोर्चा, कविता यांत आपण वाघ. आकडा दिसला की शेळी. पेपरात बजेटचं पान आलं की आपण ते उलटून पुढं जातो. प्रस्थापितांना हे पक्कं ठाऊक आहे. आकडे त्यांनी स्वतःजवळ ठेवलेत आणि घोषणा आपल्या अंगावर टाकल्यात.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, महानगरपालिका १९७२ ची. २०११ च्या जनगणनेत शहर साडेपाच लाखांचं. बजेट हजार कोटींच्या पुढं गेलंय. हजार कोटी ऐकलं की छाती दडपते, पण रुपया फोडून बघा. पगार आणि पेन्शन. पाणी उपसायचं लाईटबिल. कर्जाचे हप्ते. केएमटीचा तोटा. जहाजात जड माल तळाला बांधतात तसा हा तळाचा माल आहे, हलत नाही. त्याच्यावर दिल्ली-मुंबईच्या योजना. त्यांचा पैसा कशावर लावायचा हे वरून ठरून येतं आणि पालिकेनं फक्त आपला हिस्सा घालायचा. पूर्वी जकात होती. ती गेली, एलबीटी आला. २०१५ ला तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. २०१७ ला जीएसटी आला. आता सरकार भरपाईचं अनुदान देतं आणि पालिका दर महिन्याला त्याची वाट बघत बसते. स्वतःच्या हातात उरतो तो घरफाळा, पाणीपट्टी, बांधकाम परवान्याची फी. शहर स्वतः जे ठरवू शकतं ते एवढ्याशा उरलेल्या पैशात. मारामारी तिथंच आहे आणि आपण तिथं नाही.

ही मारामारी चालते कशी? आयुक्त अंदाज करतो आणि स्थायी समितीपुढं ठेवतो. स्थायीत कारभारी बसलेले असतात. प्रत्येकाला आपल्या प्रभागात गटार, तालीम, बाग, पेव्हर ब्लॉक पाहिजे. सगळ्यांची नावं बसवायला जमेची बाजू फुगवायची. वसुली वाढेल, अनुदान येईल, जागा विकल्या जातील. मार्चात बाकं वाजतात. डिसेंबर उजाडतो, जमा काही आलेली नसते. मग कात्री निघते. सुधारित अंदाज नावाचा एक कागद असतो, तो कुणी वाचत नाही. कात्री कुठं लागली ते त्यातच असतं. मार्चचं भाषण ऐकून शहराचा प्राधान्यक्रम कळत नाही लेको, तो कात्रीच्या क्रमानं कळतो. डेकवरचा माल वादळात पहिल्यांदा जातो, आणि आपण कायम डेकवर.

नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. पुढं पाच वर्षं निवडणूक नाही. प्रशासकानं बजेट मांडलं, प्रशासकानंच मंजूर केलं. भांडणाऱ्याला भांडायलाही माणूस नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. म्हणून आत्ता लिहितोय.

कायदा आपल्या बाजूला आहे, हे आधी समजून घ्या. १९४९ चा महानगरपालिका अधिनियम. त्याच्या कलम ६३ मध्ये पालिकेनं केलीच पाहिजेत अशी कामं आहेत : पाणी, गटारं, सार्वजनिक संडास, झाडलोट, रस्त्यावरचे दिवे. कलम ६६ मध्ये जमलं तर करायची कामं : बागा, थिएटरं वगैरे. म्हणजे क्रम कायद्यानंच लावून दिलाय. आपल्या पोरांना कलम ६३ पाठ पाहिजे. मला ते गेल्या वर्षापर्यंत माहीतसुद्धा नव्हतं, हेही सांगून टाकतो.

पण नुसता कायदा आणि ठराव यांचं काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. बोल्यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं ते १९२४ ला, कागदावर. आणि बाबासाहेबांनी ओंजळ भरली २० मार्च १९२७ ला. मधल्या तीन वर्षांत तळं कायद्यानं उघडं होतं आणि आपण तहानलेले होतो. आजच्या भाषेत सांगायचं तर तरतूद होती.

आता आपल्या घरातलं. हे लिहायला जड जातंय.

आमच्या वस्तीत दोन वर्षांमागं एक पुढारी आला. नाव घालत नाही, सगळ्यांच्या गल्लीत तसा एक असतो. म्हणाला, मागासवर्गीयांच्या निधीतनं थोडे पैसे आहेत, काय पाहिजे बोला. दुर्बल घटकांसाठी बजेटातले पाच टक्के राखून ठेवायचे असतात, त्यातलेच हे. समाजमंदिरात मीटिंग बसली. मी सुट्टीवर होतो. उठून पंधरा मिनिटं बोललो. अस्मिता, इतिहास, आपल्या वस्तीच्या तोंडाला आपली ओळख पाहिजे. पोरांनी टाळ्या पिटल्या. ठरलं, कमान.

माझी काकी मागं बायकांत बसलेली. ठेक्यावर झाडू मारते. ती उठून म्हणाली, "कमानीखालनं जायचं कुठं रं? संडासलाच न्हवं? मग तिथं दिवा लावा की आधी. रातचं पोरी जात न्हाईत, पोटात कळा धरून बसत्यात."

पोरं हसली. मीही हसलो. कमान झाली. ग्रॅनाइटची, झकास. पुढाऱ्याचं नाव खाली कोरलंय. संडासात अजून अंधार आहे.

कमानीला माझा विरोध नाही. पुतळ्याला, वाचनालयाला नाही. पण पाच टक्क्यांचा पैसा कमानीत गेला की कुणाचं काही बिघडत नाही, हे बघा. ठेकेदाराला सोपं काम. पुढाऱ्याला पाटी. वरच्या पेठांना आपल्या गटाराशी संबंध लावावा लागत नाही. आणि आपण खूश. भांडण लागतं ते ड्रेनेजची लाईन मागितली की. ती लाईन जमिनीखालून दुसऱ्यांच्या दारातनं न्यावी लागते.

शहराचा क्रम बघायचा असेल तर पावसाळ्यात या. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. राजाराम बंधाऱ्यावर आकडा चढायला लागला की सुतारवाड्यातली माणसं बोचकी बांधतात. २०१९ ला बांधली, २०२१ ला बांधली. त्यांना दर वेळी कुठंतरी नेऊन बसवतात, पाणी उतरलं की परत तिथंच. आणि मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिराच्या आराखड्याला १४४५ कोटी मंजूर झाले. पैसा राज्याचा, पालिकेचा नव्हे, हे मला कळतं. पण रक्कम पालिकेच्या वर्षभराच्या बजेटाच्या तोडीची आहे. ज्या शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय इथं कुणाचं भाषण सुरू होत नाही, त्यांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. संस्थानच्या तिजोरीत तेव्हा काय पैशाचा पाऊस नव्हता. त्यांनी क्रम लावला.

पाण्याचंही बघा. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी पुईखडीला पोचलं नोव्हेंबर २०२३ मध्ये. फटाके वाजले. ते चांगलंच झालं. २०१२ ला इचलकरंजीत काविळीनं माणसं मेली, ती पंचगंगा आपल्याच घाणीनं सडलीय. पण पुईखडीपासून वस्तीतल्या शेवटच्या चावीपर्यंतची पाइप कुणाच्या उद्घाटनात बसत नाही. तिच्यासाठी फटाके नाहीत.

पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी फॉर्म भरून घेतात. छान वाटतं. पण फॉर्म भरणार कोण? ज्याला वॉर्ड ऑफिस ठाऊक, दुपारी ज्याला वेळ, कारकुनापुढं जो खुर्ची ओढून बसतो तो. तो बाक मागतो, फुटपाथ मागतो. माझी काकी पहाटे पाचला रस्त्यावर असते. ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे नावाचं शहर आहे. तिथं १९८९ पासून कामगारांच्या पक्षानं वस्त्यांच्या सभा घेऊन बजेट ठरवलं. त्यांनी नुसतं मत विचारलं नाही, ज्या भागात सोयी कमी त्याला गुण जास्त, असा हिशेबच बसवला. पुढं सत्ता बदलली आणि त्यातली हवा गेली, ते वेगळं. पण हिशेब आपल्याला उचलता येतो. आणि कागलच्या पलीकडं कर्नाटकात २०१३ ला कायदा झाला की दलितांच्या उपयोजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचा, दुसरीकडं वळवायचा नाही. त्यात पळवाट ठेवली होती, सगळ्यांच्या कामातला हिस्सा दलितांच्या नावावर दाखवायची. ते कलम काढायला २०२३ उजाडलं.

काकीचा पगार कधी दोन महिने लांबतो. ठेकेदार म्हणतो, वरनं बिल निघालं नाही. लाड-पागेनं कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी दिली. म्हणजे झाडूही वारशानंच. आता ठेका आला, काकीच्या पोराला तेवढाही वारसा नाही. गटारात गुदमरून मेला तर सुप्रीम कोर्टानं २०१४ ला दहा लाख सांगितले, २०२३ ला तीस. मेल्यावरचा भाव ठरलाय. जिवंतपणीच्या हातमोज्यांचं हेड बजेटात शोधून दाखवा.

तर या मार्चात काय करायचं ते बोलतो. महापालिकेत जाऊन नव्या बजेटाची प्रत मागायची, आणि तिच्याबरोबर मागच्या तीन वर्षांचे सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. सहज दिलं नाही तर माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा अर्ज. पाच टक्क्यांतला रुपया कुठल्या वस्तीत, कुठल्या कामावर गेला, तो तक्ता आपण स्वतः करायचा आणि समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवायचा. नगरसेवकाला तिथं बोलवायचं. सफाई कामगारांचं वेतन आणि सामान कात्रीच्या बाहेर ठेवा, हे त्याच्याकडनं सभागृहात बोलवून घ्यायचं. आणि वस्तीत काय पाहिजे ते ठरवताना पहिलं बायकांनी बोलायचं. आपण कवी मंडळींनी त्या दिवशी मागं बसायचं.

माझी सुट्टी रविवारी संपते. अर्ज मी लिहून ठेवलाय, आकड्यांसकट. काकीला वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "ह्यात दिव्याचं कुठं लिवलंयस?"

लिहिलं नव्हतं. आता वरच्या ओळीत घातलंय.