काचेवरचे पांढरे ठिपके

भाच्याने काचेच्या टाकीत झिंगे पाळले आहेत, असे सांगितले की नाकाडोंगरीत पहिला प्रश्न येतो, "मग भाजी कधी?" त्यात लोकांचे काही चुकत नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यात झिंगा म्हणजे तलावातून निघून तव्यावर जाणारी वस्तू. (झिंगा माशात मोडतो की नाही, यावर हनफी उलमांमध्ये जुना मतभेद आहे. तो आम्ही इथे उकरत नाही.) पण हे झिंगे नागपूरहून पिशवीत पाणी भरून आणलेले, बोटाच्या पेराएवढे, लालभडक, मूळचे तैवान-चीनकडचे. हे खायचे नाहीत, बघायचे. दोन फुटी टाकी आणि अठरा झिंगे.

तीन आठवडे सगळे ठीक चालले. मग भाच्याने गावच्या तलावातून पाणवनस्पतीची एक जुडी आणली आणि तशीच टाकीत सोडली. आठ-दहा दिवसांनी इशाच्या नमाजनंतर खोलीतला दिवा मालवून त्याने टॉर्च लावला, तर काचेवर पांढरे ठिपके सरकत होते. काही उड्या मारत होते, काही दोऱ्यासारखे वळवळत होते. त्याने हाक मारली, "मामू, झिंग्यांना किडे पडले!"

पुढे जे झाले त्यात चूक आमची. ते ठिपके कसले आहेत हे आम्ही पाहिलेच नाही. किडे आहेत म्हणजे मारले पाहिजेत, एवढेच डोक्यात. माशांच्या रोगावरचे एक औषध मिळाले, ते बाटलीवर लिहिलेल्या मापाने ओतले. फजरच्या वेळी पाहिले तर अकरा झिंगे तळाशी आडवे. नंतर बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली, तर त्यात तांबे होते. माशाला सोसते तेवढे तांबे झिंग्याला सोसत नाही. तेव्हापासून रात्रभर तांब्याच्या हंड्यात राहिलेले पाणीसुद्धा आम्ही त्या टाकीत घालत नाही.

त्या दिवशी भाचा आमच्याशी बोलला नाही. आम्हाला बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली मुंग्यांची हदीस आठवत राहिली. पूर्वीच्या एका पैगंबरांना एक मुंगी चावली आणि त्यांनी मुंग्यांची सगळी वस्ती जाळायला लावली. त्यावर अल्लाहकडून त्यांना जाब विचारला गेला, की चावली एक आणि तुम्ही माझे गुणगान करणारा सगळा समुदायच जाळलात? आम्हाला तर एकही चावली नव्हती.

उरलेले सात झिंगे स्वच्छ पाण्याच्या बरणीत हलवले. टाकीतले पाणी हळूहळू बदलले आणि औषधाचा अंश जाईपर्यंत वाट पाहिली. झिंगे परत टाकीत गेले, तलावातली एक नवी काडीही त्यांच्या सोबतीला गेली. काही दिवसांत ठिपके पुन्हा आले. या वेळी मात्र आम्ही आधी बघायला बसलो. साधने घरचीच: टाकीमागे काळा कागद, बाजूने टॉर्च, औषधाचा ड्रॉपर, पांढरी बशी आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने लावायचे स्वस्त भिंग.

एवढ्या लहान जिवाचा रंग किंवा आकार बघून फारसे कळत नाही, हे पहिल्याच रात्री ध्यानात आले. चाल बघावी लागते. झटके देत, थांबत-थांबत पोहणारा, एक-दोन मिलिमीटरचा ठिपका म्हणजे सायक्लॉप्स. भिंगाखाली त्याला एकच डोळा दिसतो आणि मादीच्या शेपटीशी दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लटकतात. पाण्यात जागच्या जागी उड्या मारल्यासारखा वरखाली होतो तो डॅफ्निया. तिळाच्या दाण्याला पाय फुटावेत तसा भरभर धावणारा, दोन शिंपल्यांत बंद असलेला जीव म्हणजे ऑस्ट्राकॉड. हे तिघेही झिंग्याच्याच दूरच्या नात्यातले, कवचधारी. शेवाळ, जिवाणू, पाण्यातला कचरा असे काहीबाही खाऊन राहतात. इंग्रजी एस अक्षरासारखे वळत पोहणारे पांढरे दोरे हे गांडुळाच्या कुळातले, तळाची घाण खाणारे. झिंग्याला यातला कोणीही त्रास देत नाही. म्हणजे आम्ही ज्यांच्यावर औषध ओतले, ते बहुतेक सगळे निरपराध होते.

सायक्लॉप्सचे नाव ऐकताच घरातल्या दादी म्हणाल्या, "हा तर नारूवाला!" त्यांचे बरोबर होते. ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे त्यांना नारू सांगावा लागत नाही. पायावर फोड यायचा, तो फुटून पांढरा दोरा बाहेर यायचा, आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर आणखी हाल. हा जंत हातभराहूनही लांब असतो. इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. अरबी वैद्य त्याला मदिनेची शीर म्हणत, आणि आजच्या शास्त्रीय नावातही मदिना आहेच. रोग माहीत होता, काडीचा उपाय माहीत होता. दोरा शरीरात येतो कुठून, हे कळत नव्हते. एकोणिसाव्या शतकात, 1870 च्या सुमारास, फेदचेन्को या रशियन अभ्यासकाने तुर्कस्तानात काम करताना दाखवले की नारूची पिल्ले पाण्यातल्या सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात. असे पाणी माणूस पितो, आणि साधारण वर्षभराने दोरा बाहेर येतो.

शत्रू ओळखू आला तेव्हा उपाय अगदी साधा निघाला. सायक्लॉप्स डोळ्यांना जेमतेम दिसण्याइतका मोठा असल्यामुळे तो दाट विणीच्या कापडात अडकतो. पाणी गाळून प्या, नारूच्या रुग्णाला विहिरीत उतरू देऊ नका, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप वापरा. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. यावर ना लस होती ना गोळी. दादी आजही हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडके बांधतात. आम्ही कधीकाळी त्याला हसायचो. आता नारू नाही, त्यामुळे टाकीतल्या सायक्लॉप्सला घाबरण्याचे कारण उरलेले नाही. पिण्याचे पाणी मात्र गाळावे आणि उकळावे, कारण कापडातून निसटणारे रोगजंतू अजून आहेतच.

टाकीत सगळेच सज्जन होते असेही नाही. एक चपटा, मातकट जीव काचेवरून वळवळ न करता तेलासारखा सरकत होता. त्याचे डोके बाणाच्या टोकासारखे तिकोनी, त्यावर तिरळे वाटणारे दोन डोळे. हा प्लॅनेरिया. तो झिंग्यांची अंडी आणि नुकती कात टाकलेले मऊ झिंगे खातो. त्याला चिरडून किंवा कापून उपयोग नाही, तुकड्यातून नवा तयार होतो. बारीक भोके पाडलेल्या छोट्या बाटलीत मांसाचा तुकडा ठेवून ती रात्री टाकीत बुडवली की सकाळी हे त्यात जमलेले सापडतात. फेनबेंडॅझोल हे गुरांच्या जंतावरचे औषध त्यांना मारते आणि झिंगे सहसा वाचतात, पण काही गोगलगायी त्यात मरतात. आमच्या टाकीत चारच निघाले, बाटलीने भागले.

तलावातल्या वनस्पतीबरोबर येणारा खरा वाघ वेगळाच, चतुराचे पिल्लू. सहा पायांचे, मातीच्या रंगाचे, गुपचूप बसणारे. खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून ते भक्ष्य पकडते. ते दिसले की चिमट्याने उचलून परत तलावात.

आणि ही सगळी गर्दी वाढते कशाने? जास्तीच्या खाण्याने. भाचा प्रेमापोटी दिवसातून दोनदा दाणे टाकत होता, सात झिंगे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेले ठिपक्यांच्या पोटात जात होते. आता एक दिवसाआड चिमूटभर, आणि दोन तासांनी उरलेले काढून टाकणे. पंधरा दिवसांत काच बरीच साफ झाली.

वनस्पतीच्या पानावर एक हायड्रा सापडला. जेमतेम नखाएवढा दोरा, टोकाला पाच-सहा बारीक हात, स्पर्श केला की आवळून ठिपका होणारा. तो झिंग्यांची अगदी लहान पिल्ले पकडू शकतो, म्हणून टाकीत ठेवणे बरे नव्हते. 1740 साली हेगजवळ एका उमरावाच्या दोन मुलांना शिकवणाऱ्या अब्राहम त्रांब्ले यांनी असाच हायड्रा मधोमध कापला. ही वनस्पती आहे की प्राणी, एवढेच त्यांना ठरवायचे होते, आणि दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण हायड्रा झाले. ही गोष्ट ऐकल्यावर भाच्याने आमचा हायड्रा फेकू दिला नाही. तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत खिडकीत आहे, त्याला दिवसातून दोन सायक्लॉप्स मिळतात. टाकीत सातांपैकी एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंडी दिसू लागली आहेत. कोणी शेजारी आला की भाचा आधी त्याच्या हातात टॉर्च देतो.