ओवाळणीत पिल्लू?

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या एखाद्या हौशी मामाच्या डोक्यात येतंच: यंदा भाऊबीजेला भाच्याला कुत्र्याचं पिल्लू द्यायचं. त्यावर प्राणीप्रेमी मंडळी तुटून पडतात. भेट मिळालेली जनावरं शेवटी रस्त्यावर येतात, असं त्यांचं म्हणणं.

हे म्हणणं सरसकट खरं नाही. अमेरिकेतल्या ‘एएसपीसीए’ या प्राणिकल्याण संस्थेच्या संशोधकांची एक पाहणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. कुत्रं किंवा मांजर भेट मिळालेल्यांपैकी 96 टक्के लोक म्हणाले, भेट म्हणून आल्यामुळे आमची माया वाढली किंवा तिच्यात काही फरक पडला नाही. तेव्हा भेट देण्यातच पाप आहे, असं म्हणायला मी तयार नाही.

पण म्हणून मामाचं बरोबर ठरत नाही. ‘पोराला जबाबदारी कळेल’ हा त्याचा लाडका मुद्दा. पोरगं सकाळी शाळेच्या बसमध्ये, संध्याकाळी क्लासला. पिल्लाला दिवसातून तीन-चारदा खायला घालणार, फरशी पुसणार, रात्री ते रडलं की उठणार कोण? ओवाळणी भाच्याच्या नावाची, पण पडते बहिणीच्या पदरात. आणि तिलाच विचारलेलं नसतं, कारण ‘सरप्राइज’!

शिवाय मुहूर्तही चुकीचा. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखायला शिकतं, त्या वयात बसलेली भीती पुढे सहज जात नाही. म्हणजे नेमक्या नाजूक वयात आपण त्याला सुतळी बॉम्बच्या दणक्यात आणून ठेवतो. लक्ष्मीपूजनाचा धडाका तर तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतो! त्यात लशी अपुऱ्या, म्हणून बाहेर न्यायची सोय नाही, आणि घरच्यांची गावाला जायची तिकिटं आधीच काढलेली.

 

द्यायचंच असेल, तर भाऊबीजेच्या ताटात नुसता गळ्यातला पट्टा ठेवा. तुळशीची लग्नं उरकली की बहीण, मेहुणे, भाचा, सगळ्यांना घेऊन बावधनच्या ‘रेस्क्यू’ किंवा मुंढव्याच्या ‘ब्लू क्रॉस’ या प्राण्यांच्या निवाऱ्यात जा. तिथलं देशी कुत्रं पुण्याचा एप्रिल काढतं. हस्कीला तो सोसत नाही. लशी, नसबंदी आणि महापालिकेचा परवाना यांचा पहिल्या वर्षाचा खर्च मामाने उचलावा. बहिणीकडचे गावाला गेले की कुत्रं आठवडाभर स्वतःकडे ठेवायचंही कबूल करावं. या शेवटच्या अटीवर बरेच मामा गळतील.

आणि बहीण ‘नको’ म्हणाली, तर भाच्याला सायकल घ्या.