परीस, मुद्रिका आणि अवघड शब्द

मराठीच्या अध्यापनात एक समजूत आता जवळजवळ नियमासारखी रूढ झाली आहे. विद्यार्थ्यांची शब्दसंपत्ती तोकडी असेल, तर त्यांच्यापुढील मजकूर सोपा करावा आणि उरलेले अवघड शब्द यादी करून पाठ करून घ्यावेत, अशी ती समजूत. किशोरांसाठी काढलेली 'सुलभ' पुस्तके आणि स्पर्धा परीक्षांसाठी छापलेल्या समानार्थी शब्दांच्या पुस्तिका, ही तिचीच दोन अपत्ये होत. प्रस्तुत लेखात या समजुतीच्या नेमके विरुद्ध मत मांडायचे आहे. अवघड शब्द शिकण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे एक जाडजूड, अद्भुतरम्य आणि मुळीच सोपी न केलेली कादंबरी. ज्या मुलांना ती झेपणार नाही असे आपण गृहीत धरतो, त्यांनाच तिची गरज अधिक आहे.

ही मुले कोण, हे आधी पाहू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी ईशान्य टोकाला आहे. एका अंगाला मध्य प्रदेशातील बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. आमगाव, सालेकसा, देवरी, तिरोडा अशा तालुक्यांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी पोवारी असते, गोंडी असते, छत्तीसगढी असते, झाडीबोली असते. बाजारात आणि रेल्वेच्या डब्यात हिंदी असते. ज्या मराठीत पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका लिहिल्या जातात, ती त्याच्यासाठी बहुधा दुसरी, क्वचित तिसरी भाषा ठरते. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु कायदा भाषेचा तास देऊ शकतो आणि दर्जा भाषेला मान देऊ शकतो. शब्द मात्र ज्याचे त्यालाच मिळवावे लागतात.

सीमेवरच्या या विद्यार्थ्याची अडचण आणखी एका कारणाने वेगळी आहे. पुष्कळ मराठी शब्द त्याला अपरिचित नसतात. ते वेगळ्याच अर्थाने परिचित असतात. 'शिक्षा' म्हटले की त्याला हिंदीतले शिक्षण आठवते, मराठीतला दंड नव्हे. 'चेष्टा' म्हणजे त्याच्या लेखी प्रयत्न. मराठीत ती थट्टा होते. 'संसार' म्हणजे सारे जग, की चूल-मूल-घरदार? 'यातायात' म्हणजे रस्त्यावरची वाहतूक, की कचेरीत घातलेले व्यर्थ हेलपाटे? अज्ञात शब्दापाशी वाचक निदान थांबतो. अर्धवट ओळखीच्या शब्दावरून तो बिनदिक्कत पुढे जातो आणि वाक्याचा अर्थ हातून निसटतो. यादी पाठ करून ही चूक सुधारत नाही. एखाद्या कथेत राजाने 'कठोर शिक्षा' फर्मावली आणि पुढच्याच परिच्छेदात पहारेकऱ्यांनी नायकाला अंधारकोठडीत लोटले, म्हणजे मात्र ती तत्काळ सुधारते. पुन्हा सांगावी लागत नाही.

यादीचा दुसरा दोष अधिक खोल आहे. यादी शब्दांना समान ठरवते. तलाठ्याच्या किंवा पोलीस भरतीच्या परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी 'अरण्य, वन, रान, जंगल, कानन, विपिन' असे एका दमात म्हणतो. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाकाठी राहणाऱ्या मुलाने झाडीसाठी असलेले हे शब्द पोपटपंचीने म्हणावेत, यासारखा विपर्यास नाही. 'रान' हा शब्द 'अरण्या'तूनच निघाला खरा. पण गुरे रानात चरायला जातात, अरण्यात नव्हे. अरण्यात वनवास भोगला जातो, तपश्चर्या होते, वाट चुकते. 'विपिन' तर कवितेबाहेर सहसा पाऊलच टाकत नाही. शब्दाचा अर्थ कळणे म्हणजे तो कोठे शोभत नाही हे कळणे. यादीत नेमके हेच मिळत नाही आणि कथेत नेमके हेच मिळते.

आता कादंबरीकडे वळू. रोलिंगबाईंचे १९९७ मधील पहिले पुस्तक मराठीत आले ते 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने. परीस हा शब्द मराठी वाचकाला संतवाङ्मयातून ठाऊक: लोखंडाला स्पर्श होताच त्याचे सोने करणारा दगड. युरोपीय किमयागारांच्या कल्पनेतला दगड मात्र याहून अधिक काही करतो. त्यापासून अमर करणारे पेयही तयार होते, आणि कथानकातला सारा झगडा सोन्यासाठी नसून त्या अमरत्वासाठी आहे. म्हणजे परीस हा शब्द घेऊन आत शिरलेल्या वाचकाला तो शब्द कथेच्या ओघात ताणावा लागतो. आपल्या परंपरेत ज्याला अमृत किंवा संजीवनी म्हणू, त्याचा एक पदर त्याला जोडून घ्यावा लागतो. कोणतीही तळटीप न देता एक चौदा वर्षांचा मुलगा अर्थविस्तार नावाची प्रक्रिया स्वतः करून पाहतो.

दुसरे उदाहरण टॉल्किन यांचे. त्यांच्या महाकादंबरीचे मुग्धा कर्णिक यांनी केलेले भाषांतर 'स्वामी मुद्रिकांचा' या शीर्षकाचे आहे. 'अंगठी' हा सोपा शब्द हाताशी असताना 'मुद्रिका' कशासाठी? अंगठी बोटातली वस्तू आहे. मुद्रिकेत 'मुद्रा' आहे. मुद्रा म्हणजे ठसा, शिक्का, राजाची खूण. सीतेला हनुमंताची ओळख पटली ती रामाच्या मुद्रिकेने. ज्या कड्यात एका स्वामीची सत्ता कोंडलेली आहे आणि जे घालणाऱ्यालाच आपला दास करून टाकते, त्याला अंगठी म्हणून भागले नसते. इथे अवघड शब्द शोभेसाठी आलेला नाही. कथेचे मर्मच त्याच्यात बसवलेले आहे. हे लेखक मुळात शब्दकोशकार होते, हेही ध्यानात घ्यावे. १९१९-२० मध्ये ऑक्सफर्डच्या बृहद् कोशासाठी त्यांनी इंग्रजी 'डब्ल्यू'पासून सुरू होणाऱ्या काही शब्दांवर काम केले होते.

त्यांच्याच 'हॉबिट' (१९३७) मध्ये बिल्बो ती अंगठी घालतो तेव्हा दिसेनासा होतो. पण भर उन्हात त्याची पुसटशी सावली मात्र पडते. आता मराठीत याला काय म्हणावे? तो 'अदृश्य' झाला. असतो तिथेच, केवळ दिसत नाही. तो 'अंतर्धान' पावला असे म्हणता येणार नाही. वर देऊन झाल्यावर देव अंतर्धान पावतात, मागे सावली ठेवत नाहीत. 'लुप्त' होतात त्या नद्या, लिप्या आणि प्रथा, त्यांना काळ लागतो. काळोखात किंवा गर्दीत माणूस क्षणात 'गडप' होतो. चोर 'पसार' होतो, कारण त्याला पाय असतात आणि भीतीही. पाच शब्दांतील हे पाच भेद व्याख्यानाने सांगता येतात. ते अंगी मुरतात मात्र गोष्टीत. चमत्काराच्या कथेत माणसे वारंवार दिसेनाशी होतात, आणि प्रत्येक वेळी ती कशी दिसेनाशी झाली हे कळल्याखेरीज पुढचे कळत नाही. अद्भुत कथेचे शब्दशिक्षणातील सामर्थ्य इथे आहे. ती अपरिचित वस्तू, अपरिचित स्थळे, अपरिचित क्रिया घेऊन येते, त्यामुळे अपरिचित शब्दाची तिथे खरोखर गरज असते. रोजच्या घरगुती कथेत तोच शब्द उपरा वाटला असता.

याला संशोधनाचाही आधार आहे, आणि त्याच संशोधनात एक इशाराही आहे. अँथनी बर्जेस यांच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९६२) या भविष्यातील समाजाचे चित्र रंगवणाऱ्या कादंबरीत रशियनवरून घडवलेले २४१ शब्द आहेत. १९७८ मध्ये सरागी, नेशन आणि माइस्टर यांनी काही इंग्रजीभाषक वाचकांना ती संपूर्ण वाचावयास दिली. शब्दांची परीक्षा होणार हे सांगितले नव्हते. नंतर त्यांतील ९० शब्द विचारले तेव्हा सरासरी ७६ टक्के अर्थ बरोबर आले. पुढे १९८९ मध्ये पिट्स, व्हाइट आणि क्रॅशन यांनी हाच प्रयोग इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांवर केला. मात्र त्यांना पहिली दोनच प्रकरणे दिली. लाभ दहा टक्क्यांच्याही आतच राहिला. सामान्य वाचनात एकदाच भेटलेला शब्द आत्मसात होण्याचा संभव वीसात एक इतकाच असतो, असा नॅगी, अँडरसन आणि हर्मन यांचा १९८७ मधील अंदाज आहे.

या आकड्यांचा आपल्या दृष्टीने अर्थ असा: तुकड्याने काम होत नाही. आपली पाठ्यपुस्तके उताऱ्यांची असतात. तीन पानांच्या उताऱ्यात 'विवर' एकदा येते, खाली त्याचा अर्थ दिलेला असतो, आणि तो शब्द पुन्हा वर्षभर भेटत नाही. तीनशे पानांच्या कादंबरीत नायक त्याच विवरात पाच वेळा उतरतो. पहिल्या वेळी वाचक अंदाज बांधतो, दुसऱ्या वेळी तो तपासतो, पाचव्या वेळी शब्द त्याचा झालेला असतो. आणि भाषा दुसरी असलेल्या वाचकाला ही पुनरावृत्ती अधिक हवी, कमी नव्हे. त्याला उतारा देणे आणि कादंबरी मात्र 'चांगल्या' विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवणे, हा उलटा न्याय झाला.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो निराधार नाही. मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची परंपरा जुनी आहे. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांपासून ती सुरू होते, पुढे गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी वेष चढवला, नाथमाधवांनी 'वीरधवल' लिहिली, आणि कित्येक पिढ्या या पुस्तकांवर वाढल्या. परंतु त्या वळणाच्या लेखनात विशेषणांचे ढीग आणि सामासिक शब्दांच्या लांबच लांब माळाही आढळतात. चंद्रोदयाचे वर्णन दीड पान चालले, तर आजचाच काय, तेव्हाचाही वाचक ते ओलांडून जात असला पाहिजे. हे मान्यच आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र अवघड शब्द टाळावेत असा नाही. तो असा की, ज्यावाचून कथा अडते तो अवघड शब्द शिकला जातो, आणि ज्यावाचून ती अडत नाही तो वगळला जातो. लेखकाने, भाषांतरकाराने आणि पुस्तक निवडणाऱ्या शिक्षकाने हीच कसोटी लावावी. शब्द सोपा आहे की कठीण हे नंतर पाहावे. तो कामाचा आहे की नाही हे आधी.

शिवाय 'अवघड' हा शब्दाचा गुण नव्हे; शब्द आणि वाचक यांच्यातील ते अंतर आहे. बोडी, बांधी, धुरा, पऱ्हे हे शब्द धानपट्ट्यातल्या मुलाला श्वासासारखे सहज. पुण्याच्या वाचकाला त्यांच्यासाठी कोश उघडावा लागेल. लहान तळे, धानाचा वाफा, शेताचा बांध आणि रोवणीची रोपे यांसाठी ज्याच्यापाशी असे नेमके शब्द आहेत, तो विद्यार्थी शब्ददरिद्री नाही. नवेगावबांधच्या परिसरात राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी अशा वनभाषेतून किती धन मराठीत आणले, हे त्यांच्या 'पक्षिकोशा'च्या वाचकाला सांगावयास नको. अद्भुताचेही तसेच आहे. ते काही इंग्लंडातून आयात करावे लागत नाही. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेची गोंडी कथा अशी की, कली कंकालीची मुले त्या गुहेत कोंडली गेली होती, तोंडावर प्रचंड शिळा होती, आणि लिंगो व वादक हिरासुका यांनी संगीताच्या बळावर त्यांना मुक्त केले. दरवर्षी माघात तिथे यात्रा भरते. ही कथा घरी ऐकलेल्या मुलाला 'शिळा' म्हणजे साधा दगड का नव्हे, हे समजावून सांगावे लागणार नाही. उद्या याच सामग्रीवर कुणी किशोरांसाठी भरघोस कादंबरी लिहिली आणि तिच्यात गोंडी व झाडीबोलीचे शब्द कथेला अडवून उभे राहिले, तर राज्यभरच्या वाचकांना ते शिकावे लागतील. शब्दांची ये-जा मग दोन्ही दिशांनी होईल.

सूचना तर साधी आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षी उताऱ्यांच्या जोडीला एक संपूर्ण अद्भुतरम्य कादंबरी वाचावयास द्यावी, मग ती भाषांतरित का असेना. तिच्यावर समानार्थी शब्दांचे प्रश्न काढू नयेत. वर्गातील टेबलावर कोश उघडा असावा. वाचताना अडेल तो अर्थ आधी अंदाजाने सांगावा, मग पडताळावा, आणि घरच्या बोलीत त्याला काय म्हणतात हेही वहीत लिहावे. पहिली पन्नास पाने जड जातील. ती जड जावीत हेच योग्य, कारण नायकालाही त्या पन्नास पानांत वाट सापडलेली नसते. पुढे काय झाले या उत्सुकतेपायी वाचक जो शब्द ओलांडून जातो, तो परतून त्याच्याकडे येतो. परीक्षेच्या भयाने घोकलेला शब्द मात्र निकालाच्या दिवशीच पसार होतो.