नव्याचा सण आणि शाळेंतील क्षमायाचना

विद्यार्थिमित्रहो, आपल्याकडे नव्या वर्षांना तोटा नाहीं. चैत्रांत गुढी उभी राहते, दिवाळीच्या पाडव्यास व्यापारी नवी वही घालतात, 1 जानेवारीस भिंतीवरील दिनदर्शिका बदलते, आणि आपलें शाळेचें वर्ष तर मृगाच्या पावसाबरोबर जूनमध्यें उघडतें. ह्या प्रत्येक प्रसंगीं आपण कांहीं ना कांहीं संकल्प करतों: पहांटे उठेन, अक्षर सुधारीन, गणिताचा कंटाळा करणार नाहीं. हे संकल्प चांगलेच आहेत. परंतु त्या सर्वांत 'मी' एकटाच असतो. गेल्या वर्षीं ज्याला मीं दुखविलें, ज्याचें पुस्तक नेऊन परत दिलें नाहीं, ज्याच्या व्यंगावर चारचौघांना हंसविलें, त्याचें नांव ह्या संकल्पांत कोठेंच येत नाहीं. नव्या वर्षाचा आरंभ ह्या विसरलेल्या माणसापासून व्हावा, अशी रीत यहूदी लोकांनीं घालून ठेविली आहे. आणि ती आपल्या शाळेनें मनावर घ्यावी असें माझें स्पष्ट मत आहे.

यहूदी म्हटलें म्हणजे पुष्कळांना ते दूरदेशचे लोक वाटतात. परंतु आपल्या कोंकणपट्टींतील बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलत आले आहेत. तेल गाळणें हा त्यांचा जुना धंदा. शनिवारीं शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवीत, त्यावरून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. दिवेकर, केहीमकर, राजपुरकर हीं त्यांचीं आडनांवें गांवांवरूनच पडलीं. 1832 सालीं डॉ. जॉन विल्सन यांनीं त्यांच्या उपयोगासाठीं मराठींतून इब्री भाषेचें व्याकरण छापविलें, आणि मिशनच्या शाळांतून त्यांचीं पुष्कळ मुलें शिकलीं. पुढें 1875 सालीं हाईम सामुएल केहीमकर आणि त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत समाजाची स्वतःची शाळा काढली. माझगांवची सर एली कदूरी शाळा ती हीच. रिबेका रूबेन ह्या विदुषी, ज्या 1905 सालीं मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेंत पहिल्या आल्या होत्या, त्या 1922 पासून 1950 पर्यंत ह्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. एका मराठी स्त्रीनें सुमारें अठ्ठावीस वर्षें एक शाळा चालवावी, ही गोष्ट आपल्या मुलींनीं विसरूं नये.

ह्या लोकांच्या सणांचीं जुनीं नांवें ऐकलीं म्हणजे मोठी मौज वाटते. मध्यंतरीं ते इब्री भाषा विसरले होते, पण सण विसरले नव्हते. म्हणून त्यांनीं सणांना मराठी नांवें दिलीं. तिश्री महिन्याच्या प्रतिपदेस वर्षारंभ. तो 'नव्याचा सण'. नव्या धान्याची नारळाच्या रसांत खीर करून खावयाची, तो 'खिरीचा सण'. दशमीचा कडकडीत उपास, इब्रींत योम किप्पूर, हा 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारें बंद करण्याचा सण: त्या दिवशीं स्नान करून पांढरीं वस्त्रें नेसावयाचीं, घराचें दार लावून घ्यावयाचें, परक्याला स्पर्श करावयाचा नाहीं, प्रार्थनेंत दिवस काढावयाचा. आणि दुसरे दिवशीं 'शिळा सण': दारें उघडून आप्तेष्टांस भेटावयाचें, गरिबांस दानधर्म करावयाचा. नवें वर्ष, बंद दार, उघडें दार, असा हा क्रम आहे.

यहूदी पंचांग आपल्यासारखेंच चंद्रावर चालतें, आणि आपल्या अधिकमासाप्रमाणें तेथेंही एकोणीस वर्षांत सात महिने जास्त धरतात. त्यामुळें नव्याचा सण सप्टेंबरांत किंवा ऑक्टोबरच्या आरंभीं पडतो. 2025 सालीं 22 सप्टेंबरच्या सूर्यास्ताला त्यांचें 5786 वें वर्ष लागलें. त्याच दिवशीं आपल्याकडे घटस्थापना होती. यहूदी शाळांतून ह्या दिवसांची चाहूल महिनाभर आधीं, एलूल मासांतच लागते. मुलें एकमेकांना देण्यासाठीं शुभेच्छापत्रें तयार करतात. मेंढ्याचें शिंग कसें फुंकावें हें वरच्या वर्गांतील मुलांना शिकवितात. त्याचे सूर ठरलेले आहेत: एक लांब सरळ सूर, तीन तुटक हुंदक्यांसारखे, आणि नऊ अगदीं आंखूड, रडण्यासारखे. ओंठ आणि श्वास यांचा मेळ बसेपर्यंत नवशिक्याच्या हातून नुसती हवाच निघते, आणि वर्ग पोट धरून हंसतो. मधांत बुडविलेल्या सफरचंदाच्या फोडी आणि डाळिंबाचे दाणे वांटून 'शाना तोवा' म्हणजे 'शुभ वर्ष' असें अभीष्ट चिंतितात. वाहत्या पाण्यापाशीं किंवा समुद्रकांठीं जाऊन पापें पाण्यांत टाकून दिल्याची प्रार्थना म्हणतात.

हें सर्व गोड आहे. परंतु खरें काम त्यानंतरच्या दिवसांत आहे. नव्याच्या सणापासून उपासाच्या दिवसापर्यंत दहा दिवस मोजतात. ह्या दहा दिवसांत ज्याचा अपराध केला असेल त्याच्याकडे स्वतः जाऊन क्षमा मागावयाची असते. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ह्या धर्मग्रंथांत ह्याविषयींचा निर्णय अगदीं रोखठोक आहे: देवाचा अपराध उपासानें फिटेल, माणसाचा अपराध त्या माणसाची समजूत घातल्यावांचून उपासानेंही फिटणार नाहीं. बाराव्या शतकांतील पंडित मैमोनिदीस हा ह्याहून पुढें जातो. चोरलेलें धन परत केलें तरी क्षमा मागावीच लागते. पहिल्यानें नकार मिळाला तर तीनदां जावें. आणि तो माणूस वारला असेल तर दहा माणसें घेऊन त्याच्या थडग्यापाशीं जाऊन अपराध कबूल करावा. उलट, ज्याचा अपराध झाला त्यानेंही निष्ठुर होऊं नये, मोकळ्या मनानें क्षमा करावी, असें तो बजावतो.

आतां ह्याचा आणि हायस्कुलाचा संबंध पहा. यहूदी धर्मांत मुलगा तेरा वर्षांचा व मुलगी बारा वर्षांची झाली म्हणजे धर्माचीं कर्तव्यें तिच्यावर व त्याच्यावर पडतात. तोंपर्यंत लेंकराच्या चुकांचा भार आईबाप वाहतात. त्यानंतर चूक ज्याची त्याची. म्हणजे माणूस पहिल्यानें आपल्या वागणुकीला जबाबदार होतो तो नेमका हायस्कुलाच्या वयांत. शिवाय मुंबईच्या शाळा जूनमध्यें उघडत असल्यानें नव्याचा सण येईपर्यंत तीन-साडेतीन महिने झालेले असतात. एवढ्या अवधींत कोणत्याही वर्गांत टोपणनांवें पडलेलीं असतात, अबोले धरलेले असतात, एखाद्याला बाकाच्या टोंकाला ढकललेलें असतें. हिशेब सांचलेला असतो आणि फेडावयास वर्ष शिल्लक असतें. क्षमा मागावयास ह्याहून योग्य वेळ कोणती?

येथें मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीं तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं नववींतील एका मुलानें फार सुरेख निबंध लिहून आणिला. तो मुलगा एरवीं मागें बसणारा, कपडे विटलेले, बोलणें थोडें. मीं भर वर्गांत विचारलें, "हा कोणाकडून लिहून आणलास?" वर्ग हंसला. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो कांहीं बोलला नाहीं. पुढें सहामाही परीक्षेंत माझ्यासमोर बसून त्यानें तितकाच चांगला निबंध लिहिला. मीं त्याच्या पेपरावर 'उत्तम' असा शेरा मारला, आणि माझें काम झालें असें मानलें. अपमान पंचेचाळीस मुलांसमोर केला, आणि भरपाई लाल शाईच्या एका शब्दानें, ती देखील तो एकटा वाचील अशी! वर्षाअखेर तो शाळा सोडून गेला. पुढें यहूदी पंडितांचें एक मत माझ्या वाचनांत आलें: चारचौघांत दुसऱ्याला लाजविणें हें रक्त सांडण्यासारखें आहे, कारण लाजविलेल्याच्या चेहऱ्यावरचा लाल रंग जाऊन तो पांढरा होतो. तें वाचतांना मला तोच चेहरा दिसला. तीनदां जाण्याची तयारी आहे. पण कोठें जावें हें मला ठाऊक नाहीं.

कोणी म्हणतील, शिक्षकानें मुलाची क्षमा मागितली तर शाळेंतील शिस्त राहील काय? माझा अनुभव असा कीं, शिक्षकाची चूक वर्गाला आधींच कळलेली असते. ती अजून न कळलेला असा एकटा शिक्षकच असतो. चूक कबूल केल्यानें त्याचा मान जात नाहीं. मुलांनीं सत्य बोलावें असें फळ्यावर लिहिणाऱ्यानें तें एकदां आपल्यापुरतें करून दाखविलें, एवढेंच होतें.

दुसरे म्हणतील, हा परक्यांचा धर्माचार आपण कां घ्यावा? त्यांना माझगांवच्या त्याच शाळेकडे बोट दाखवितों. 1951 च्या खानेसुमारींत भारतांत 26000 हून अधिक यहूदी होते. बहुतेक बेने इस्राएल कुटुंबें इस्राएलांत गेलीं, आणि 2011 च्या खानेसुमारींत सबंध देशांतील संख्या पांच हजारांहूनही खालीं आली. त्या शाळेचे वर्ग मात्र ओस पडले नाहींत. आज तेथें शिकणारीं बहुतेक मुलें मुसलमान आहेत. एका लहानशा समाजानें आपल्या लेंकरांसाठीं बांधलेलें घर दुसऱ्यांच्या लेंकरांना उपयोगी पडलें. बांकें आणि भिंती जशा एकाच्या दुसऱ्याला उपयोगी पडतात, तशी चांगली रीतही पडावी. शिंग, मध, उपास हे ज्यांचे त्यांच्याकडेच राहोत. त्यांची नक्कल करणें शोभणार नाहीं. परंतु दुखविलेल्या माणसाकडे पायीं चालत जाणें हें कोणत्याही एका धर्माचें खाजगी धन नाहीं.

म्हणून माझी सूचना इतकीच आहे. दरवर्षीं सहामाही परीक्षेच्या आधींचे दहा दिवस ह्या कामासाठीं मनांत राखून ठेवावे. त्याची सभा नको, भाषणें नकोत, कोणी कोणाची क्षमा मागितली याची यादी तर नकोच. सक्तीनें मागितलेली क्षमा ही दुसरी लबाडी होईल. नेलेली वस्तु आधीं परत करावी, मग बोलावें. अपमान एकांतांत केला असेल तर एकांतांत, आणि वर्गांत केला असेल तर वर्गांतच क्षमा मागावी. आरंभ शिक्षकांनीं करावा. पालकांनाही माझी विनंति आहे कीं, निकालाच्या दिवशीं रागाच्या भरांत मुलास जें बोललां, तें ह्या दिवसांत आठवून पहावें. बापानें मुलापाशीं चूक कबूल केली तर बाप लहान होत नाहीं.

बेने इस्राएल लोकांत प्रार्थना संपल्यावर 'हात बोशी' करण्याची चाल आहे: वडिलधाऱ्यांपासून आरंभ करून एकानें दुसऱ्याच्या हाताला हात लावावयाचा आणि मग आपलीं बोटें ओंठांना लावावयाचीं. अशा रीतीनें तो स्पर्श सर्व मंडळींत फिरतो. आपल्या वर्गांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, जिच्यापर्यंत कोणाचाच हात पोंचलेला नाहीं. ती कोण, हें तुम्हांस ठाऊक आहे. पुढच्या वर्षीं ती ह्या शाळेंत असेलच असें नाहीं. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, नव्या वहीच्या पहिल्या पानावर संकल्प लिहिण्याआधीं तिच्या बाकापर्यंत जाऊन या.