उशाशी एक रहस्यकथा

दीर्घ आजारपणात घरातला संवाद औषधांच्या वेळांपुरता उरतो. तेथे हलकीफुलकी रहस्यकथा उपकारक ठरते. बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ ज्येष्ठांच्या तारुण्यातला सोबती. मात्र निजण्यापूर्वी तो थरार नको. त्यापेक्षा सत्यजित राय यांचा फेलूदा बरा. १९६५ साली किशोरांच्या मासिकात अवतरल्यामुळे त्याच्या कथांत रक्तपात अल्प, तर्क अधिक. अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल तर स्वतःच वृद्धा. माणसे पारखण्याच्या अनुभवावरच ती गुन्हा उकलते. जळगावचे व. वा. वाचनालय किंवा धुळ्याचे गरुड वाचनालय येथे चौकशी करावी. रोज एकच प्रकरण वाचून दाखवावे. पात्रांची नावे चिठ्ठीवर टिपावीत. ‘गोळी घेतली का?’ याच्या जोडीला ‘गुन्हेगार कोण असेल?’ असेही विचारावे. रुग्ण मग पुन्हा घरातले जाणते माणूस होतो.