भोंगा आणि सूप



पेरण्या आटोपल्या, भाताची आवणी अजून आठ दिवस लांब आहे. तेव्हा आज खताचा विषय बाजूला ठेवतो.

परवा अकोल्यात एका ओसरीवर तीन-चार बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मला सोलापूर आठवले. नोकरीच्या निमित्ताने काही काळ तिकडे होतो.

इंग्लंडात मँचेस्टर, तसे आपल्याकडे सोलापूर. तिथली पहिली कापडगिरणी इ. स. १८७७ मध्ये सुरू झाली. मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी ती काढली. लोक तिला पुढे 'जुनी मिल' म्हणू लागले. साल ध्यानात घ्या. १८७६ ते ७८ हा मोठ्या दुष्काळाचा काळ. विहिरी आटल्या, बैल मेले, आणि नांगर सोडलेला कुणबी गिरणीच्या दाराशी उभा राहिला. तेलंगणातले पद्मशाली विणकरही आले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो त्यांचाच. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्या झाल्या. आपण कोंबड्यावर उठतो, सोलापूर भोंग्यावर उठायचे.

हीच कष्टाची माणसे मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इंग्रजांवर उलटली आणि शहरात लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले.

पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. यंत्रमागांवर चादरी-टॉवेल होत राहिले, पण गिरणीची कायम नोकरी गेली ती गेलीच. मी राहायचो त्या आळीत एक म्हातारे गिरणी कामगार होते. भोंगा बंद होऊन वर्षे लोटली तरी पहाटे त्याच वेळी उठून अंगणात बसायचे. घरातली चूल मात्र पेटत होती ती सुनेच्या विड्यांवर. तेंदूचे पान भिजवायचे, कापायचे, तंबाखू भरून दोरा बांधायचा. हजार विड्या भरल्या की पाठ मोडते, आणि तंबाखूची पूड छातीत जाते ती वेगळीच. (मी कारभाऱ्यांना विचारतो, कट्टे बांधायला तुम्ही कधी हात लावता का?)

त्याच बाया एकजुटीने उभ्या राहिल्या. कुंभारीजवळ विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ साली घरे ताब्यात मिळाली. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचे.

आता आपल्या अकोले-संगमनेरकडच्या भगिनींसाठी. घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, असे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच ठरवले आहे. तुमच्या नावाने खाते आहे का, नंबर काय, नाव आधार कार्डाप्रमाणे लिहिले आहे का, हे कारखानदाराकडे विचारून घ्या. सासूबाईंनी पूर्वी विड्या वळल्या असतील, तर त्यांचे जुने कार्ड पेटीत शोधा. सापडले तर टाकू नका, पेन्शनीच्या चौकशीला ते लागेल.

आवणीचे पुढच्या आठवड्यात.