घोड्याची सूट नको

परवा हरलो. हरल्याचं काही नाही. पण हात मिळवताना समोरचा म्हणाला, 'तुझ्या रेटिंगच्या मानानं छान खेळलास रे.' ते वाक्य अजून घशात अडकलंय.

स्विस पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्या फेरीला असं होतंच. रेटिंगप्रमाणे यादी लावतात, मधोमध कापतात आणि वरच्या अर्ध्यातल्या पहिल्यापुढं खालच्या अर्ध्यातला पहिला बसवतात. आमच्यात चारशेचं अंतर. एलोच्या गणितानं असे दहा डाव झाले तर माझ्या वाट्याला जेमतेम एक गुण. हे गणित फिडेनं १९७० साली स्वीकारलं. ते फक्त निकाल मोजतं. पण लोक त्यातनं अक्कल मोजतात, माझं भांडण तिथं आहे.

डावच बघा. चार तास टिकलो. शेवटी पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि त्याचं एक प्यादं. हा डाव बरोबरीत सुटतो. आपला राजा प्याद्याच्या वाटेत बसवायचा. हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या रांगेत आडवा धरायचा, म्हणजे त्याचा राजा पुढं सरकत नाही. प्यादं त्या रांगेत शिरलं की हत्ती पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागनं शह देत राहायचं. फिलिडोर नावाच्या फ्रेंच माणसानं हे १७७७ साली छापलं. मला कळलं डाव गेल्यावर. मी घाबरून हत्ती राजाशेजारी आणून बसवला नि मेलो.

त्याला हे दहाव्या वर्षी मास्तरनं घरी येऊन शिकवलं होतं. त्यानंच सांगितलं. म्हणजे मी कुठल्या प्रतिभेपुढं हरलो नाही. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी छापलेलं एक पान आमच्या गल्लीत पोचलं नाही, म्हणून हरलो.

एकोणिसाव्या शतकात मॉर्फीसारखे बडे खेळाडू कच्च्या गड्यापुढं आपला घोडा नाहीतर हत्ती काढून ठेवून खेळायचे. आजचे शहाणे म्हणतात, कच्च्यांना वेगळी स्पर्धा द्या. च्यायला, मागितलं कुणी? पटावर सोंगट्या सारख्या, घड्याळ सारखं, नियम सारखे. तिथं सूट नको. पटावर बसण्याआधीचं सारखं करा. पुस्तक, मास्तर, सरावाचा वेळ, प्रवेश फी.

तोवर वाट बघत बसायचं नाही. दोस्तहो, रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत पट मांडतोय. पहिला धडा, तिसऱ्या रांगेतला हत्ती. या. पुढच्या वेळी 'छान खेळलास' ऐकून घरी यायचं नाही. बरोबरी घेऊन यायचं.